हेमावतीबाईंची साक्ष

हुबळीच्या रेल्वे वसाहतीजवळच्या ख्रिस्ती मंडळीत प्रार्थना करावी ती हेमावतीबाई रणभिसे यांनीच, असं सगळे म्हणत. निदान हेमावतीबाईंचा तसा समज होता, आणि जे कुणी तसं म्हणत नसत त्यांच्याशी त्या फारसं बोलत नसत.

बाई मूळच्या नगरच्या. वडील सटवाजी हे उपदेशक, गावोगाव फिरणारे. त्यांनी लेकीला चालायला शिकवलं त्याच सुमाराला प्रार्थना करायला शिकवलं. आधी देवाची स्तुती, मग उपकार, मग पापांची कबुली आणि सगळ्यांत शेवटी मागणी. तीसुद्धा थोडक्यात, कारण राजाच्या दारात जाऊन भिकाऱ्यासारखं काय तोंड वेंगाडायचं, असं सटवाजींचं मत. पोरीनं हे इतकं झकास उचललं की ती बारा वर्षांची असताना पाहुणे आलेले एक पाळक म्हणाले, “सटवाजी, ही मुलगा असती तर मी हिला आत्ताच्या आत्ता पाळक करून टाकली असती.” झालं! ते वाक्य हेमावतीनं असं गाठीशी बांधलं की लग्नाच्या रुखवतापेक्षा तेच तिला मोलाचं वाटे.

लग्न होऊन ती हुबळीला आली १९५४ साली. नवरा परशुराम रेल्वेच्या कारखान्यात फिटर, जन्मानं हुबळीचा, घरात मराठी आणि दारात कन्नड बोलणारा. स्वभावानं अबोल. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, त्यानं गाण्याव्यतिरिक्त कधी तोंड उघडलं नाही, आणि गाणंही तो पुटपुटायचाच. बाईंना नगरपालिकेच्या मराठी शाळेत नोकरी लागली. तेव्हा हुबळी मुंबई राज्यात होती, मराठीवर सगळं भागायचं. दोन वर्षांत, म्हणजे छप्पन्नच्या नोव्हेंबरात, रात्रीतून राज्य बदललं आणि हुबळी-धारवाड म्हैसूर राज्यात गेलं. बाईंनी ते मनावर घेतलं नाही. त्यांचं कन्नड बाजारापुरतं होतं: ‘एष्टु’ म्हणजे केवढ्याला, ‘बेकु’ म्हणजे पाहिजे, ‘बेडा’ म्हणजे नको, आणि ‘साकु’ म्हणजे पुरे. एवढ्यात मेथीची जुडी आणि शेरभर जोंधळे मिळतात. मग आणखी कशाला डोकं शिणवा?

मंडळीत रविवारी दोन उपासना होत. साडेसातला मराठी, साडेनवाला कन्नड. पण गुरुवारची घरसभा सगळ्यांची एकत्र असे. दर आठवड्याला कुणा एकाच्या घरी जमायचं, गायचं, आजारी-दुखण्याईतांसाठी प्रार्थना करायची आणि चहा पिऊन उठायचं. या घरसभेत हेमावतीबाईंचं राज्य होतं. त्या डोळे मिटून “हे परमदयाळू स्वर्गीय पित्या” असं सुरू करीत, तेव्हा आवाज असा लागे की चुलीवरचा चहासुद्धा उकळायचा थांबावा. आणि मग एके गुरुवारी तिथं दुर्गव्वा आली.

दुर्गव्वा दुर्गदबैलाच्या बाजारात चुरमुरे विकायची. विधवा, काळीसावळी, कपाळ रिकामं, अक्षरशत्रू. कधीतरी नवऱ्याच्या दुखण्यात तिच्या कानावर प्रभूचं नाव पडलं आणि ती कन्नड उपासनेला येऊ लागली. बाप्तिस्म्यातही तिनं नाव बदललं नाही. “दुर्गव्वा म्हणूनच हाक मारतो प्रभू, मग मी कशाला बदलू?” म्हणाली. घरसभेला आली ती टोपली दाराशी ठेवून कोपऱ्यात बसली.

त्या दिवशीची सभा अंबूताईंकडे होती. अंबूताई म्हणजे कारखान्यातल्या जुन्या मुकादमाच्या विधवा; त्यांचा पाय हत्तीच्या पायासारखा सुजला होता. हेमावतीबाईंनी त्यांच्यासाठी स्तुतीपासून मागणीपर्यंत सगळ्या पायऱ्या ओलांडत, नीट वीस मिनिटं प्रार्थना केली. आमेन झालं, आणि अंबूताई काय म्हणाल्या? म्हणाल्या, “छान झालं हो. आता दुर्गव्वा, तूपण दोन शब्द बोल की.”

तूपण! दोन शब्द!

दुर्गव्वा पुढं सरकली. तिनं त्या सुजलेल्या पायावर सरळ हात ठेवला आणि कन्नडमध्ये काहीबाही बोलायला लागली. ना स्तुती, ना उपकार. शेजारणीकडं विरजण मागायला गेल्यासारखा तिचा सूर. दोन मिनिटांत संपलं. हेमावतीबाईंनी डोळे उघडून बघितलं तर खोलीतल्या सगळ्या बायका पदरानं डोळे पुसत होत्या. आणि पुढच्या रविवारी अंबूताई आपल्या पायांनी चालत देवळात आल्या. कुणाच्या प्रार्थनेनं बऱ्या झाल्या, हे विचारायची सोयच नव्हती. त्या स्वतःच गावभर सांगत सुटल्या होत्या.

तेव्हापासून बाईंच्या पोटात जे दुखायला लागलं, ते काही थांबेना. कुणाकडे पोर तापानं फणफणलं की निरोप दुर्गव्वाला. कुणाची सून अडली की दुर्गव्वाला. हेमावतीबाईंना बोलावत ते बारशाला, नव्या घरात जाताना, म्हणजे जिथं प्रार्थना नुसती ऐकायला बरी वाटते तिथं. खरी गरज पडली की त्या चुरमुरेवालीला! बाई वर्गात फळ्यावर बेरजा लिहीत आणि मनात दुसरीच बेरीज चाललेली असे: या महिन्यात तिला किती घरी बोलावलं आणि मला किती. सरळ देवाशीच भांडण काढावं असं त्यांना वाटे. काढलंही. “तू कुणाचं ऐकतोस?” त्यांनी एका पहाटे अंथरुणावर बसून विचारलं. “मी वीस वर्षं तुझ्याशी शुद्ध बोलते आहे. तिला धड वाक्य जुळवता येत नाही. मग तू कान तिच्याकडं का लावतोस?” जगात दुसरं काही मागायचं त्यांच्या मनात उरलं नव्हतं. देवानं एकदा तरी, सगळ्यांसमक्ष, त्यांचं ऐकावं आणि तिचं ऐकू नये, एवढंच.

आणि गंमत बघा, घरसभेत दुर्गव्वा प्रार्थना करू लागली की बाई ऐकतच नसत. डोळे मिटून त्या आपली पुढची प्रार्थना मनात रचत बसत. दुर्गव्वा काय बोलते, कुठले शब्द वापरते, कशाचा पत्ता नाही. दीड वर्ष एका खोलीत बसून एक शब्द कानात शिरू दिला नाही.

सत्तावन्नच्या पावसाळ्याअखेर परशुरामला टायफॉइड झाला. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. तिसऱ्या आठवड्यात तो बरळायला लागला. डॉक्टर म्हणाले, “आज-उद्या कळेल. औषध चालू आहे, बाकी तुम्ही लोक प्रार्थना करणारे.” रात्रंदिवस खाटेशी बसून बाई प्रार्थना करत होत्या, पण आता त्या पायऱ्यांवरून पाय घसरत होता. स्तुतीपाशी सुरुवात करावी तर मध्येच हुंदका यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लागायचं. मागणीपर्यंत पोहोचणंच होईना.

अशात संध्याकाळी दुर्गव्वा आली. कुणी बोलावलं नव्हतं. बाजारातून तशीच आली होती, पदराला चुरमुऱ्यांचा भुगा लागलेला. दारात चप्पल काढली, आत आली आणि बाईंना काही न विचारता खाटेशी गुडघे टेकून बसली. परशुरामच्या छातीवर हात ठेवला.

त्या दिवशी हेमावतीबाईंनी पहिल्यांदा कान देऊन ऐकलं. नवरा जायला निघाला होता. दुसरं करणार काय? दुर्गव्वा म्हणत होती, “तंदी, परशुरामप्पन जीवा बेडतीनी.” तंदी म्हणजे बाप, देव. परशुरामप्पा कळलं. जीवा कळलं. आणि पुढं? बेडा! भाजीवालीला आपण रोज म्हणतो ते. नको!

“जीवा बेडतीनी, तंदी, बेडतीनी,” दुर्गव्वा रडत होती आणि पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती.

परशुरामचा जीव नको. नको, बापा, नको.

बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. आणि खरं सांगायचं तर, त्या काट्याच्या पाठोपाठ एक समाधानही आलं. सापडली! आता कळलं हिचं खरं रूप! त्या ताडकन उठल्या, दुर्गव्वाचा दंड धरला आणि तिला उभी केली. “साकु!” त्या ओरडल्या. “पुरे झालं! साकु! चल, नीघ इथून!” दुर्गव्वा भांबावून बघत राहिली. तोंड उघडं, गालावर पाणी. बाईंनी तिला हाताला धरून उंबऱ्याबाहेर नेलं, चप्पल बाहेर सारली आणि दाराला कडी घातली. मग खाटेशी येऊन बसल्या आणि पहाटेपर्यंत एका श्वासात प्रार्थना केली. स्तुती, उपकार, कबुली, मागणी. एकही पायरी चुकली नाही. रागानं माणसाला बळ येतं म्हणतात ते काही खोटं नाही.

सकाळी परशुरामला घाम फुटला. ताप उतरला.

आता बाईंना कोण आवरणार? त्या वर्षीच्या हंगामाच्या सणाला, म्हणजे शेताचा पहिला माल देवळात आणून उपकार मानायच्या रविवारी, त्या उभ्या राहिल्या आणि साक्ष दिली. देवानं माझ्या प्रार्थनेला कसं उत्तर दिलं, ते सगळं सांगितलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा सांगितलं. तिसऱ्या वर्षी त्यात डॉक्टरांनी हात टेकल्याचा भाग वाढला. चौथ्या वर्षी खोलीत उजेड पडला. मंडळी ऐकून घेत असत. परशुराम पहिल्या बाकावर मान खाली घालून आपल्या नखांकडे बघत बसे. तो असा का बसतो, असा प्रश्न बाईंना कधी पडला नाही.

दुर्गव्वा त्यांच्या गल्लीत पुन्हा फिरकली नाही. घडलेलं तिनं कुणाला सांगितलं नाही. बाईंनीही सांगितलं नाही. ते पान त्यांनी हुकमाचं म्हणून राखून ठेवलं होतं. लोक दुर्गव्वाचं कौतुक करू लागले की बाई नुसत्या हसत आणि मनात म्हणत, मला माहीत आहे ती कशी आहे ते. अशी पाच वर्षं गेली. एका गोष्टीत मात्र देव बाईंना बधला नाही: लोक निरोप दुर्गव्वालाच धाडत राहिले. आग विझते कुठली!

बासष्टमध्ये शिक्षण खात्याचा कागद आला. मराठी शाळेतल्या शिक्षकांनीही कन्नडची खात्याची परीक्षा दिलीच पाहिजे, नाहीतर बढती बंद. हेमावतीबाईंनी तोंड वाकडं केलं, पण करतात काय? शाळेत धारवाडच्या जयलक्ष्मीबाई म्हणून होत्या. घरची मराठी, पण कन्नड बी.ए. झालेल्या. त्या शाळा सुटल्यावर तासभर शिकवू लागल्या. अक्षरं झाली, नामं झाली, क्रियापदं आली.

“आता ही जोडी नीट बघा हं, इथं सगळे आपले मराठी लोक फसतात,” जयलक्ष्मीबाई फळ्यावर लिहीत म्हणाल्या. “बेडा म्हणजे नको. आणि हे बेडु. बेडु म्हणजे मागणं. साधं मागणं नव्हे हो, पदर पसरून मागणं. विनवणं. दिसायला जुळ्या बहिणी, अर्थ एकदम उलटे.”

हेमावतीबाईंच्या हातातली पेन्सिल थांबली. “बेडतीनी म्हणजे?”

“मी मागते. आपल्याकडच्या बोलीत बेडतीनी.”

“आणि जीवा बेडतीनी?”

“जीव मागते. कुणाचा तरी जीव वाचव म्हणून विनवते आहे. का हो? कुठं ऐकलंत?”

बाईंनी वही मिटली आणि घरी निघाल्या. वाटेत ओळखीच्या दोघी भेटल्या, त्यांना त्या दिसल्या नाहीत.

परशुराम नुकताच कामावरून येऊन हातपाय धूत होता. बाईंनी पिशवी खाली टाकली आणि दारातच म्हणाल्या, “अहो, तुम्हाला ताप होता तेव्हा दुर्गव्वा आली होती. आठवतं?”

“आठवतं.”

“मी तिला बाहेर काढलं ते?”

“तेही आठवतं. मला ऐकू येत होतं सगळं. बोलता येत नव्हतं एवढंच.”

“ती तुमचा जीव मागत होती!”

“हो.” त्यानं पंच्याला हात पुसले. “मग काय मागणार?”

“मला वाटलं ती नको म्हणते आहे! बेडा, बेडा! अहो, मला खरंच तसं ऐकू आलं. तुम्ही का नाही सांगितलंत मला इतकी वर्षं?”

परशुराम तिच्याकडं बघतच राहिला. एवढ्या वर्षांत त्याला हे सुचलंच नव्हतं. बायकोनं त्या बाईला का हाकललं, हे त्याच्या लेखी उघड होतं, म्हणून त्यानं कधी विचारलं नव्हतं. तो म्हणाला, “हेमा, आणि तसं ऐकू आलं नसतं, तर तू तिला बसू दिलं असतंस?”

बाईंनी तोंड उघडलं. ‘हो’ म्हणायचं होतं. एवढासा शब्द, पण तो काही केल्या बाहेर पडेना. त्या तशाच भिंतीला टेकून खाली बसल्या.

पुढच्या शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर त्यांनी धारवाडची बस धरली. गुडघे धरल्यामुळं दुर्गव्वाचा बाजार बंद झाला होता आणि ती धारवाडच्या वाटेवर रायापूरला भावाच्या घरी राहायला गेली होती, एवढं त्यांना कळलं होतं. अंगणात ती शेंगा फोडत बसली होती. बाईंना बघून तिनं सूप बाजूला केलं.

“या अक्कोर,” ती म्हणाली. त्या भागात शिक्षिकेला अक्कोर म्हणतात. “बसा.”

बाई बसल्या नाहीत. बसलं तर बोलणं होणार नाही, असं त्यांना वाटलं. उभ्या-उभ्याच मराठी आणि शिकलेलं कन्नड एकत्र करून त्यांनी सगळं सांगितलं. बेडा आणि बेडु. ऐकता ऐकता दुर्गव्वा हसायला लागली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, खोकला आला. मग एकदम थांबली.

“तसं वाटलं तर मला विचारायचं होतं की, अक्कोर. ‘दुर्गव्वा, काय म्हणालीस?’ म्हणून. मी सांगितलं असतं.”

“विचारलं नाही.”

“का?”

“तुझा हेवा वाटायचा.”

दुर्गव्वाला हेवा कळेना. बाईंनी छातीवर हात ठेवला, मग जरा खाली, पोटावर ठेवला. “इथं जळायचं,” त्या म्हणाल्या.

“होट्टीकिच्च!” दुर्गव्वा मोठ्यानं म्हणाली. “पोटातला विस्तू! माझ्यावर? चुरमुरे विकणारीवर?” आणि काय सांगावं, बाईंना तिच्या तोंडावर जरासा आनंद दिसला. एका शाळामास्तरणीनं आपल्यावर जळावं, ही काही लहानसहान गोष्ट नव्हती. तिनं शेंगांचं सूप बाईंच्या पुढं सरकवलं. “बसा आता तरी. मला त्या दिवशी लई वाईट वाटलं होतं, खोटं नाही सांगत. पण मागणं अर्धं टाकता येतं का? तुमच्या गल्लीच्या नळापाशी बसून पुरं केलं आणि मग घरी गेले.”

“म्हणजे तुझ्याच प्रार्थनेनं ते...”

“ते मला काय माहीत? तुम्ही आत मागत होता, मी बाहेर मागत होते. परशुरामप्पाचा तापही उतरायचाच होता म्हणा. त्यात तुमचं काय आणि माझं काय?”

हे असं म्हणता येणं! बाईंना त्याही क्षणी तिचा हेवा वाटला, अगदी स्पष्ट. मनात खुडबुड झाली की ही असं सहज कसं बोलते. पण बस पकडून त्या एवढ्या लांब आल्या होत्या आणि एक गोष्ट विचारायची राहिली होती.

“तुझ्यासाठी कोण प्रार्थना करतं गं?” त्यांनी विचारलं.

दुर्गव्वानं एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. “माझ्यासाठी? मलाच बोलावतात की सगळे. माझ्यासाठी कोण करणार?” मग म्हणाली, “माझा सत्याप्पा सोलापूरला गिरणीत आहे. चौदा महिने झाले, पत्र नाही. त्याचं मागून मागून माझं तोंड दुखलं. आता मागायला बसले की नुसतं रडूच येतं.”

हेमावतीबाईंनी डोळे मिटले. हे परमदयाळू स्वर्गीय पित्या, असं म्हणायला त्यांनी श्वास घेतला. पण समोर ती बाई दोन्ही गुडघे धरून बसली होती आणि त्यांना ते शब्द आठवेनात. आठवत होते, पण लाज वाटली. “देवा,” त्या म्हणाल्या, “हिच्या सत्याप्पाचं पत्र येऊ दे.”

दुर्गव्वानं थोडा वेळ वाट पाहिली. “झालं?”

“झालं.”

“मग आमेन म्हणा की.”

त्या दिवसापासून बाई दर शनिवारी रायापूरला जाऊ लागल्या. पहिल्या शनिवारनंतर त्यांना खात्री होती की आठवड्याभरात पत्र येणार. आलं नाही. दुसऱ्या आठवड्यात आलं नाही, महिन्यात आलं नाही. बाई संतापल्या. तो संताप पूर्वीचा नव्हता. पूर्वी देवानं आपलं ऐकलं नाही म्हणून चिडत, आता त्या दारात पाय ठेवताना दुर्गव्वा मान वर करून विचारी, “टपालवाला दिसला का वाटेत?” आणि ‘नाही’ सांगताना त्यांच्या जिवावर येई. शाळेत, बसमध्ये, भाकरी थापताना त्या तेवढं एकच वाक्य म्हणत. कधी देवाला दटावत, कधी गयावया करत. स्तुतीची पायरी कुठल्या कुठं राहून गेली. सटवाजी उपदेशकांनी ऐकलं असतं तर कपाळाला हात लावला असता.

पाच महिने असे गेले. तोवर मराठी उपासना बंद झाली होती. मिरजेकडची, सोलापूरकडची कुटुंबं बदली घेऊन गेली, उरलेल्यांना कन्नड उपासनेत सामील केलं आणि प्रार्थना ज्यानं त्यानं आपल्या भाषेत करावी असं ठरलं. हंगामाचा सण आला. देवळाच्या पायऱ्यांवर भोपळे, जोंधळ्याची कणसं, उसाची कांडी रचली होती. साक्षीची वेळ झाली तशी सगळ्यांच्या माना सवयीनं हेमावतीबाईंकडं वळल्या. खोलीतला उजेड यंदा केवढा होतो, हे ऐकायला मंडळी बसलीच होती. परशुरामनं आपली नखं बघायला सुरुवात केली.

बाई उभ्या राहिल्या. परीक्षेत जेमतेम पास झालेल्या त्या मोडक्या कन्नडमध्ये बोलल्या. “यांच्या तापाची साक्ष मी पाच वर्षं दिली. ती अर्धीच होती. मी एकटी मागत नव्हते. दुर्गव्वा मागत होती आणि मी तिला हाताला धरून बाहेर काढलं. कारण मला तिचा... होट्टीकिच्च.” पुढचं क्रियापद त्यांना आठवलं नाही, पण न कळणारा कुणी उरला नव्हता. अंबूताईंनी तोंडाला पदर लावला. “आता तिच्या सत्याप्पाचं पत्र येत नाही. मी पाच महिने मागते आहे. मला मिळत नाही. तुम्ही सगळे मागा.” आणि त्या खाली बसल्या.

एवढी वर्षं देवाचा कान आपल्या एकटीच्या हातात असावा म्हणून जिनं जिवाचा आटापिटा केला, तिनं तो असा चारचौघांच्या हवाली केला. पाळकसुद्धा उठायचं विसरले. मग पहिल्या बाकावरून खाकरल्याचा आवाज आला. परशुराम उभा राहिला होता. लग्नाला आठ वर्षं झाली, बाईंनी त्याला देवळात बोलताना ऐकलं नव्हतं. “बापा, त्या पोराला आईची आठवण दे,” तो म्हणाला आणि घाईघाईनं खाली बसला. मग कुणी कन्नडमध्ये, कुणी मराठीत, एकामागून एक मागायला लागले.

त्यात इंदुमती उठली. नुकतीच लग्न होऊन मंडळीत आलेली, विशीतली. तिचा आवाज असा काही लागला, आणि शब्द इतके साधे अन् इतके नेमके आले, की पाठीमागं कुणीतरी स्फुंदलं. हेमावतीबाईंना मान न वळवताही कळलं की आता पुढं सगळे हिलाच बोलावणार. आजार असो, बाळंतपण असो, हिलाच. पोटात तोच जुना विस्तू भडकला, अगदी तसाच, जरासुद्धा कमी नाही. त्यांनी दोन्ही हातांनी बाक घट्ट धरला. डोळे मिटले. ओठ हलले, पण शब्द शेजारी बसलेल्या अंबूताईंनासुद्धा ऐकू आले नाहीत.

“तिचंच ऐक बापा,” त्या म्हणाल्या. “उद्यापासून सगळे तिलाच बोलावू देत, मी जळेन तर जळेन. पण पत्र येऊ दे.”